आर्डिसच्या नावचा मेंढा

शिकारीचं सामान कसं बांधावं, यावर आर्डिस हल्टक्विस्टशी वाद घालायची आमच्या खोऱ्यात कुणाची टाप नव्हती. तिचा नवरा वेंडल शहरातल्या शिकाऱ्यांना एल्क हरणांच्या मागावर डोंगरात न्यायचा. एकवीस मैल आत, जिथं गाडीचा रस्ता संपून नुसती खेचरांची वाट उरते. तिथं एखादी वस्तू विसरली की विसरली. म्हणून खाली तबेल्याशेजारच्या कोठीत आर्डिस उभी असायची. एकतीस वर्षं उभी होती, आणि त्या एकतीस वर्षांत वरच्या तळावर काडेपेटी कमी पडल्याचं कुणाला आठवत नाही.

पाहुणे यायचे ते थैल्या फुगवून. आर्डिस थैली सरळ जमिनीवर पालथी करायची.

"हे काय?"

"घडीची खुर्ची, मॅडम."

"वर ओंडके पडलेत, वाट्टेल तेवढे. आणि हे?"

"कॉफी दळायचं यंत्र."

"बरं. पाठीवर घेऊन चालणार असाल तर न्या. माझं खेचर नाही नेणार."

सुती बनियन तर ती दोन बोटांनी उचलून बाजूला टाकायची, मेलेला उंदीर टाकावा तशी. सुती कपडा भिजला की वाळत नाही, आणि भिजलेला माणूस बर्फात टिकत नाही. लोकरीचे मोजे तीन जोड, पावसाचा कोट, दुर्बीण, काडतुसं, चाकू, मांस गुंडाळायच्या जाळीच्या पिशव्या. बाकी सगळं घरी.

मग वजन. खेचराच्या खोगिराला दोन्ही अंगांनी एकेक पेटी लटकते आणि दोन्ही पेट्या सारख्याच भरायला लागतात. एका अंगाला चार पौंड जास्त झाले की खोगीर सरकतं, जनावराची पाठ सोलवटते, आणि कड्याच्या वाटेवर असलं तर जनावरही जातं. आर्डिस पेटी आधी हातानं उचलून म्हणायची, "अठ्ठावन्न." मग ती छताच्या काट्याला अडकवायची. अठ्ठावन्नच भरायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि वेंडल असा बघायचा, जसं काही हे त्यानंच तिला शिकवलं.

पण या बाईला सामान बांधायची हौस कधीच नव्हती. तिला शिकारीची हौस होती. चौदाव्या वर्षी बापाबरोबर जाऊन तिनं पहिलं एल्क पाडलं होतं, आणि लग्नानंतर दर जानेवारीत ती रानमेंढ्याच्या परवान्यासाठी अर्ज टाकायची. मोठ्या वळणदार शिंगांचा रानमेंढा. परवाने मोजके आणि अर्ज ढीगभर, म्हणून चिठ्ठ्या काढतात. एकदा नाव निघालं की आयुष्यात पुन्हा अर्ज करता येत नाही. कितीक माणसं म्हातारी होऊन गेली, नाव काही निघालं नाही.

अर्ज टाकता टाकता तेविसाव्या वर्षी, जूनमध्ये, आर्डिसचं निघालं.

"वेंडल, निघालं माझं नाव."

"कशात?"

"मेंढ्यात."

वेंडलनं तिला उचललंच. निदान एका हातानं उचलायचा प्रयत्न केला; दुसरा खांदा खेचराच्या लाथेनं कधीचा कामातून गेला होता. पेंडीच्या दुकानात जाऊन त्यानं येईल त्याला सांगितलं. आणि घरी येऊन म्हणाला, "सप्टेंबरात जाशीलच. पहिली तुकडी एकदा वर गेली की मोकळी तू."

परवाना एक सप्टेंबर ते एकतीस ऑक्टोबर. पहिली तुकडी वर गेली आणि मागोमाग दुसरी आली.

सप्टेंबरच्या मध्यावर आर्डिस म्हणाली, "वेंडल, मी मेंढ्याला कधी जाऊ?"

"अगं, जा की! तुला कोण अडवतंय? फक्त ही चौघं जाऊ देत."

खरंच कुणी अडवत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. तो नाही म्हणाला असता तर ती त्याच दिवशी निघाली असती. पण तो हो म्हणायचा आणि वर एक नवीन यादी हातात द्यायचा. त्यात भर म्हणजे एका वर्षी आर्डिस तापानं पडली होती, तेव्हा बांधायला ठेवलेल्या माणसानं कंदिलाचं तेल पिठाच्या पेटीत भरलं होतं. आठ जणांनी आठवडाभर रॉकेलच्या वासाचे पॅनकेक खाल्ले. ती गोष्ट वेंडल हसत हसत इतक्यांदा सांगे, की आर्डिसशिवाय पान हलत नाही हे तिलाही खरं वाटायला लागलं होतं. कौतुकानं माणूस किती घट्ट बांधता येतो, हे ज्याचं कौतुक होतं त्यालाच कळतं.

दहा ऑक्टोबरला ती पुन्हा म्हणाली, "एकवीस दिवस राहिले, वेंडल."

"माहितेय गं मला. हा डॉक्टर तेवढा वर जाऊ दे. त्याची थैली बघ जरा, स्वयंपाकघरच आणलंय त्यानं."

सव्वीस तारखेला वेंडल सगळी खेचरं घेऊन वर गेला. तबेला रिकामा, तीन दिवस कुणी यायचं नव्हतं. सत्तावीसला आर्डिसनं ठरवलं: चार दिवसांचं सामान पाठीवर घ्यायचं आणि सकाळी एकटीनंच खिंडीपलीकडे निघायचं. तिनं बापाची बंदूक उतरवून पुसली, जमिनीवर ताडपत्री पसरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःचं सामान बांधत होती. ती चक्क शीळ घालत होती. दुपारपर्यंत ताडपत्रीत गुंडाळून, दोरानं आवळून, काट्याला लावून सगळं झालं. ती दोन पावलं मागे सरली आणि बघतच राहिली.

समोर दोन गाठोडी होती. एक सेहेचाळीस पौंड, दुसरंही सेहेचाळीस. पाठ मात्र एकच.

तिला हसू आलं. हसत हसत तिनं दुसरं गाठोडं सोडलं. त्यात आठ जणांना पुरेल एवढं मीठ, पॅनकेकचं पीठ, वेंडलच्या मापाचे हातमोजे, वेंडलचा वाचायचा चष्मा, त्याच्या खांद्याचं मलम. आणि तरी भरेना म्हणून वजन जुळवायला टाकलेले घोड्याचे नाल. हातांनी आपल्या मनानं सगळं बांधलं होतं, तिला विचारलंसुद्धा नव्हतं. मग तिचं हसू थांबलं. तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटली.

तिनं दोन्ही गाठोडी मोडली आणि पुन्हा एकच बांधायला घेतलं. वस्तू उचलायची, स्वतःला विचारायचं, "ही कुणासाठी?" दर वेळी उत्तर यायला वेळ लागत होता. संध्याकाळी पाचला एक गाठोडं तयार झालं. एकोणचाळीस पौंड. आणि अंगणात खुरांचा आवाज आला.

वेंडल दोन दिवस आधीच उतरला होता. डॉक्टरचं पोट बिघडलं होतं, त्याला खाली आणणं भाग पडलं. शिवाय पुढचे दोन पाहुणेही ठरल्याआधीच येऊन वाटेवर भेटले होते. तेही मागोमाग कोठीत शिरले. वेंडलची नजर गाठोड्यावर गेली.

"बघितलंत?" तो पाहुण्यांना म्हणाला. "आर्डिसला सांगावं लागत नाही. पहाटे निघायचं तर हिचं आत्ताच तयार."

तो खाली वाकला, चांगल्या हातानं दोर सोडला आणि तिचं सामान पेट्यांत भरायला लागला. लोकरी मोजे एकीकडे, स्लीपिंग बॅग दुसरीकडे.

आर्डिसच्या तोंडाशी शब्द आला होता. ते माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण परकी माणसं उभी होती आणि नवरा मनापासून खूश होता. वेंडल चुकीच्या पेटीत तवा घालत होता. तिला ते बघवेना. तिनं तवा त्याच्या हातून घेतला आणि बरोबर पेटीत ठेवला.

पहाटे ते सामान वेंडलबरोबर वर गेलं, आणि तीस तारखेला खिंडीत कमरेएवढा बर्फ पडला. एकतीस तारीख आली आणि गेली.

नोव्हेंबरात शेवटची तुकडी परतली, तेव्हा नेहमीप्रमाणे लांब टेबलावर जेवण होतं. एल्कचं मांस, बीन्स, डब्यातले पीच. एका पाहुण्याला फ्रिजवर चुंबकानं अडकवलेला परवाना दिसला.

"कुणाचा हो हा? मेंढ्याचा? बापरे!"

"आर्डिसचा," वेंडल अभिमानानं म्हणाला. "तेवीस वर्षांनी निघाला. गेली नाही. तिचा जीव शिकारीत नाही हो, सामानात आहे."

"मला जायचं होतं," आर्डिस म्हणाली.

वेंडलनं वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, अगदी खरंखुरं. ते खोटं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"मग बोलायचंस ना, आर्डिस."

"बोलले होते."

"कधी?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारता रिकामी बशी तिच्यापुढे धरली. आर्डिसनं ती घेतली आणि भरून दिली.