दरीतल्या देवाचा मुक्काम

पौष महिना, सन १९२६. दरीत उतरणारे चौघे: आई, थोरला दादा, मी आणि वाट दाखवायला काठावरचा एक धनगर.

काम एकच होतं. मुळशीकडचं आमचं गाव धरणाच्या पाण्यात जाणार, म्हणून आम्ही आधीच कासार आंबोलीला घर बांधलं होतं. कुळाचा देव मात्र दरीच्या तळाशीच होता: शेंदूर फासलेला, मांडीवर मावेल एवढा तांदळा, नाकडोळे नसलेला गोल दगड. "तेवढा देव घरात आला म्हंजी मी सुटले," आई म्हणायची. त्याच्यासाठी तिने भिंतीत देवळी ठेवून घेतली होती.

दरीत दिवसा जाऊन यायचं तर भाकरी, काठी आणि पाणी पुरतं. मुक्काम म्हटला की ओझं वाढतं. आईने सांगितल्याप्रमाणे मी मुक्कामाचं बांधलं होतं: घोंगड्या, पातेलं, तांदूळ, गूळ, तेल, काडेपेटी. आई धनगराचा हात धरून पुढे उतरली, तसं दादाने गाठोडं करवंदीच्या जाळीत सारलं.

"अगं बाय, दगड उचलायचा नि वर यायचं. बिऱ्हाड कशाला?"

दुसऱ्या दिवशी नव्या जमिनीची मोजणी होती, त्याला घाई होती. मी भांडले. तो चालू लागला. एवढं ओझं घेऊन ती उतरण मला एकटीला झेपणारी नव्हती.

खाली पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आईने देवाला पाणी घातलं, शेंदूर लावला. दादाने हात पुढे केला, तशी आई ओरडली.

"हात लावू नगंस! आल्या दिशी देव हलवीत न्हाईत. रातभर त्याच्यापाशी निजायचं, सकाळी निवद दाखवायचा, मग उचलायचा. गाठुडं कुटं हाय?"

मी वर करवंदीकडे बोट दाखवलं. धनगर हसला. "दादांनू, देव न्यायला आलायसा का बाजाराला?"

"आये, गारठ्यात मरशील. पुढच्या महिन्यात येऊ की परत," दादा म्हणाला.

"तुझा महिना मला ठावा हाय."

मी लुगड्याचा पदर पांघरून आईजवळ बसायला तयार होते. दादाने ऐकलं नाही. ऊन कलायच्या आत रिकाम्या हातांनी वर चढलो. वाटेत आईने धनगराचा हात धरला, दादाचा नाही. जाळीतलं गाठोडं मी काढून घरी आणलं.

पुढच्या महिन्यात मोजणीचा तंटा निघाला. मग पेरणी आली. पाऊस उघडल्यावर आम्ही काठावर गेलो, तर करवंदीच्या जाळीपर्यंत पाणी.

आई त्यानंतर दोन वर्षं रोज ती देवळी सारवत होती. ती गेली तेव्हाही देवळी रिकामीच होती. दादा म्हणतो, दुसरा देव बसवू. बसव म्हणावं, मी हात जोडणार नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरतं, पण तळापर्यंत अजून एकदाही उतरलेलं नाही. मुक्कामाचं गाठोडं घरात अजून बांधलेलं आहे. त्यातल्या तांदळांना किडे होतात, म्हणून दर चैत्रात मी ते बदलते. देव आणायचा राहिला आहे.