अंधारात बघायची दुर्बीण

शिरवण्यात आमचं घर तळमजल्यावर आहे. मागे थोडी मोकळी जागा, तिथे मी कोंबड्या पाळते. नवरा जहाजावर असतो. वर्षातले बरेच महिने तो समुद्रात आणि मी इथे. फोन रोज होतो. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर याहून जास्त बोलायला उरत नाही, असं मी धरून चालले होते.

मग पिल्लं नाहीशी व्हायला लागली. पिसं नाहीत, रक्त नाही, खुराड्याचं दार बंद. शेजारची म्हातारी इथल्या मूळ गावातली. तिला संध्याकाळी दिवेलागणीनंतर विचारलं, तर आवाज खाली करून म्हणाली, "जनावर येतंय, बाय." आणि आत गेली.

मी चाळीत वाढलेली. जनावर म्हटलं की मला चार पाय दिसतात. खाडीच्या बाजूने कोल्हे येतात, हे ऐकून होते. नवऱ्याला फोनवर सांगितलं आणि जेवणाचा विषय बाजूलाच राहिला.

"कोल्हा कशावरून? उदमांजर असेल."

"असेल. बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"मग नाईट व्हिजन घे."

आणि तो बोलत सुटला. यात दोन प्रकार. एकाला स्वतःचा दिवा असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्यात चित्र स्पष्ट, पण दिवा पोचेल तेवढंच. दुसरं थर्मल. ते अंगाची ऊब टिपतं, मिट्ट काळोखातसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फोन ठेवताना मीच म्हणायचे, "उद्या लेन्सचं सांग." भाजी निवडताना त्याला काय विचारायचं ते ठरवून ठेवायचे. पिल्लांपेक्षा मला आता या फोनची काळजी जास्त होती, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते.

तुर्भ्याला कॅमेरे विकणारा एक दुकानदार सापडला.

"मॅडम, शिकारीला नाही ना? नंतर लफडा होतो."

"ओळखपरेड आहे," मी म्हटलं.

त्याने मागच्या खोलीतला दिवा बंद केला आणि थर्मल माझ्या हातात दिलं. टेबलावरचा चहाचा ग्लास पांढराफेक दिसला. मग त्याने भिंतीवर पंजा टेकवून काढला. हात गेला तरी पंजा भिंतीवर होता, हळूहळू विझला.

हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू तुझा हात ठेवून बघायचास."

"ठेवला. तोही गेला."

थर्मलच घ्यायचं ठरलं. पैसे भरायला निघाले, तेव्हा म्हातारी दारात कपडे वाळत घालत होती.

"कुठं चालली गो?"

"दुर्बीण आणायला. रात्री कोल्हा दिसेल."

तिचा हात दोरीवरच राहिला. "कोला? कोल्याचा तुला कोन बोलला?"

"तुम्हीच म्हणालात, जनावर."

"अगो, लांब जनावर! रातचा त्याचा नाव नय घेवाचा, म्हनून जनावर." तिने वर उन्हाकडे बघून खात्री केली. "आता बोलते. साप. धामन असंल. भोकं बुजव नि बारीक जाली लाव."

मी तुर्भ्याऐवजी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुपारपर्यंत जाळी ठोकून झाली. सापाचं अंग भुईइतकंच गार. इतके दिवस आम्ही ज्या यंत्राबद्दल बोललो, त्यात तो बहुतेक दिसलाही नसता.

नवऱ्याला सांगितलं नसतं तर हे बोलणं अजून काही दिवस चाललं असतं. पण कोल्हा नाही हे माहीत असून कोल्ह्याबद्दल बोलत बसणं मला जमलं नसतं. सांगून टाकलं. तो मनापासून हसला.

"मग दुर्बीण कॅन्सल."

"कॅन्सल."

त्याच्या बाजूने इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मी वाट बघितली.

"जेवलीस?" तो म्हणाला.

"हो. तू?"