मामांची आयर्लंडी चामखीळ

माणसं चेहऱ्यावरून ओळखता येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा शेलूबाजारच्या माझ्या मामांबरोबर बाजारात हिंडावं. मामांना चेहरे दिसतच नाहीत. दिसते ती कातडी. "तो पहा, मानेवर गजकर्णवाला, अन् ते केसतुडवाले गुरुजी," अशी ते ओळख करून देतात. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवाची मान वळवून सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या घामोळ्या नाहीत बाप्पा, खरूज हाये. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ करजो!" करवल्या लगेच चार हात लांब सरकल्या.

मामांची विद्या आधी कडुनिंब, हळद आणि करंजाचं तेल एवढीच होती. पण त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, नर्स म्हणून आयर्लंडला गेली आणि ज्या म्हातारीकडे भाड्यानं राहिली, तिच्याजवळ पणजीच्या काळापासूनचे उपाय निघाले. चामखिळीवर कापलेला आलू चोळायचा आणि मातीत पुरायचा. आलू सडला की चामखीळ गळते. आणि औषध सांगणाऱ्याचे आभार मुळीच मानायचे नाहीत, नाहीतर गुण जातो. हे ऐकून मामा खूश. "आपल्याकडं कोण कोणाचे आभार मानते बे? अर्धं औषध तं आधीच लागू हाये!"

मामांच्या स्वतःच्याच अंगठ्यावर चामखीळ होती. त्यांनी आलू चोळला, परसात पुरला, पण मामीला सांगतील तर ते मामा कसले! मामी मिरचीच्या रोपांबरोबर तिथंही इमानेइतबारे पाणी घालत राहिली. एका सकाळी ती ओरडली, "अवो, इथं आलू कोनं लावला? कोंब आले ना त्याले!" आलूही टवटवीत, चामखीळही टवटवीत. मामांनी तडक ताईला व्हिडिओ कॉल लावला. "बाई, म्हातारीले विचार, आलू सडाच्या जागी उगवला तं काय करा लागते?" तिकडे म्हातारी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. मग तिनं नवा उपाय सांगितला, मग आणखी एक, आणि मामा अंगठा वर धरून ऐकत बसले.

परवा गेलो तर अंगठा साफ! मामा गुपचूप वाशीमच्या डॉक्टरकडून चामखीळ काढून आले होते. ताईला कळवावं म्हणून मी मोबाइल काढला, तर मामांनी माझा हात धरला.

"सांगू नको बे तिले."

"काहून मामा?"

"पयले तिचा फोन ये, तं 'बाबा, जेवले का? गोळी घेतली का?' अन् ठेवून दे. तिले ड्यूटीची घाई. आता अर्धा अर्धा घंटा बोलते. म्हातारीले विचारून सांगते, मंग मलेच विचारते, गुण आला का म्हणून. चामखीळ गेली म्हटलं तं पोरीनं काय विचारावं मले?"

मी मोबाइल खिशात घातला. तेवढ्यात मामांचाच फोन वाजला. त्यांनी घाईघाईनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली, चष्मा सारखा केला आणि पडद्यावरच्या ताईला म्हणाले, "हाये बाई, थोडीशी हाये अजून. सांग, म्हातारी काय म्हणते?"