शनवारकाकांची पांढरी वस्त्रं

शनवारकाकांसारखा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट मी अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात दुसऱ्या कुणाच्या अंगावर पाहिला नाही. आणि तो शर्ट काका घालायचे अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं डायपर बदलायला.

काका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवार कडक पाळायचे, म्हणून आम्ही मराठी मंडळी त्यांना शनवारकाका म्हणायचो आणि तेही हसून ओ द्यायचे. मोटारींच्या कारखान्यातून ते रिटायर झाले आणि काकूंची स्मृती जायला लागली. शेवटी तर त्या काकांनाही ओळखेनात.

एकदा सकाळी मी उपमा द्यायला गेले, तर काका खोलीतून बादली घेऊन बाहेर येत होते. न राहवून म्हटलं, "काका, या कामाला जुना टी-शर्ट घालायचा ना!"

काका हात धुऊन आले आणि म्हणाले, "यरुशलेमच्या मंदिरात याजकाचं पहाटेचं पहिलं काम काय असायचं, ठाऊक आहे? वेदीवरची राख काढायची. त्यासाठीसुद्धा पांढऱ्या लिननची पवित्र वस्त्रं घालायची. राख काढणं हीपण पूजाच, बाळ."

मग सांगतच राहिले. वेदीवर रोज सकाळी एक कोकरू, संध्याकाळी एक. सोबत पीठ, तेल, द्राक्षारस. सणाचे बळी वेगळे, ते जादाचे. त्यांच्यापायी रोजचं अर्पण चुकायचं नाही. "देवाला का भूक लागते? आम्ही आहोत, इथेच आहोत, एवढंच रोज सांगायचं. मंदिर उद्ध्वस्त झालं, सांगणं प्रार्थनेत राहिलं."

"पण काकूंना काही कळत नाही, काका."

"धूर वर जायचा. वरून उत्तर यायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी वेदी पेटलेलीच असायची."

त्या हिवाळ्यात काका बर्फावरून घसरले, मनगट मोडलं. मुलगी कॅलिफोर्नियाहून येईपर्यंत काकूंचं करायला मी जायचं ठरलं. पहिल्याच सकाळी काकूंनी घास थुंकला, माझा हात झटकला. मी रडकुंडीला आले.

"थांब जरा," म्हणत काका उशाशी उभे राहिले आणि हिब्रूत सकाळची प्रार्थना हळू आवाजात म्हणू लागले. काकूंच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. प्रार्थना संपली तेव्हा, महिनोन् महिने एक शब्द न बोललेल्या काकू स्पष्ट म्हणाल्या, "आमेन."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी नुसती मान डोलावली. "आता भरव," म्हणाले.

उन्हाळ्यात काकू गेल्या. काका मुलीकडे राहायला गेले.

हल्ली नागपूरहून आई फोनवर विचारते, "कोण बोलतंय?" मी नाव सांगते. दुसऱ्या सकाळी पुन्हा सांगते.