काशाचं घड्याळ

श्यामसुंदर खानोलकर कुठलीही वस्तू हातात आली की आधी पालथी करतात. कपबशी, चप्पल, लग्नात आलेला आहेर, शेजारणीने पुरीहून आणलेला जगन्नाथ. खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्सच्या नोकरीत, त्यांनी बाहेरून आलेला माल पारखण्यात आयुष्य काढलं. पेट्या फुटायच्या, माल टेबलावर यायचा, आणि खानोलकरांनी सांगायचं की जे म्हणून पाठवलंय तेच हे आहे का. पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची बनवणाऱ्याची, असं ते म्हणतात. बनवणारा दमला होता, घाईत होता की लबाड होता, ते मागे कळतं.

निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. घरी कुणी येणार असलं की कुसुमताई आधीच बजावतात, "मिठाईचं काही आणलंत तर माझ्या हातात द्या. ह्यांच्या नको. उलटं करतील."

"एकदाच केलं होतं," खानोलकर म्हणतात.

"रसगुल्ले होते. गालिचा अजून चिकटतो."

खानोलकर मूळचे वेंगुर्ल्याचे. बदली होऊन कोलकात्याला आले ते परत जायचंच ठरवून. मग नूपुर झाली, तिची शाळा आली, डमडमला फ्लॅट झाला, आणि घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एका पोहण्याच्या क्लबचं तळं निघालं. लहानपणी विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेल्या माणसाला ते पाणी पुरलं. समुद्राची आठवण त्यांनी त्या हिरव्या चौकोनात मावेल इतकी लहान करून घेतली. रोज पहाटे ते तळ्यावर असतात. तिथे त्यांना सगळे 'कस्टमदा' म्हणतात, आणि पोहून आल्यावर भाडातला, म्हणजे मातीच्या कुल्हडातला, चहा पिताना तिथेही ते भाड उलटं करून बघतात. अर्थात रिकामं झाल्यावर.

ही गोष्ट त्यांच्याकडे आलेल्या एका घड्याळाची आहे.

नूपुर सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत यंत्रांचे भाग आखते. तिच्या शेजारच्या टेबलावर डमडमचाच सौरभ बसतो. दोघांना घड्याळांचं वेड. क्लबच्या समितीला यंदा आपल्या जुन्या प्रशिक्षकांना काहीतरी भेट द्यायची होती, आणि कुणाच्या तरी मनात आलं की जुन्या काळी पाणबुडे बांधत तसलं जाडजूड, काशाचं घड्याळ द्यावं. अस्सल जुनी घड्याळं मिळणं शक्य नव्हतं. नूपुर म्हणाली, आम्ही प्रतिकृती करतो. हावड्याच्या एका ओतशाळेत चकरा मारून मारून दोघांनी घड्याळाची बाहेरची घडण ओतून घेतली, आतलं यंत्र जपानी आणवलं, काच बसवली आणि एक नमुना तयार केला. रविवारी सकाळी तळ्यावर समिती तो बघणार होती. पसंत पडला तर दोघं नोकरी सोडून स्वतःचा छोटा कारखाना काढणार होते.

आणि नूपुरने स्वतःलाच एक अट घातली होती. बाबा हो म्हणाले तरच घड्याळ समितीपुढे जाईल.

शनिवारी दुपारी दोघं घड्याळ घेऊन आले. सौरभ दारातच इतका घामेजला होता की कुसुमताईंनी त्याला आधी पंख्याखाली बसवलं.

"काकू, काका मूडमध्ये आहेत?" सौरभने विचारलं. त्याचं मराठी नूपुरकडून उधार घेतलेलं.

"त्यांचा मूड नसतो रे. भिंग असतं."

खानोलकरांनी टेबलावर पांढरा नॅपकिन पसरला. घड्याळ घेतलं आणि अर्थातच पालथं केलं.

"मागचं झाकण पोलादाचं आहे."

"हो, कारण कासं घामाने हिरवं होतं आणि मनगटावर डाग पडतो. म्हणून—" नूपुर सांगू लागली.

"मी कारण विचारलं नाही. चांगलं केलंस." त्यांनी पट्ट्याच्या खाचेत भिंग धरलं. "बाहेरून पॉलिश सगळेच करतात. आत, पट्टा अडकवतात तिथे कुणी बघत नाही. इथे कानस नीट फिरलीये. कुणी फिरवली?"

"मी," सौरभ म्हणाला.

"हं."

त्यांनी घड्याळ तळहातावर तोललं. मग आत जाऊन काशाची वाटी घेऊन आले, जिने कुसुमताई उन्हाळ्यात त्यांच्या तळपायांना तूप चोळतात ती. वाटी आणि घड्याळ खिडकीपाशी शेजारीशेजारी धरली. खाचेत, जिथे वरचा रंग पोचला नव्हता, तिथे धातू दिसत होता.

"वाटीपेक्षा लालसर. तांबं जास्त, कथील कमी. पण कासंच आहे. पितळ नाही, पोलादावर मुलामा नाही." ते वळून कुसुमताईंना म्हणाले, "अस्सल कासं आहे गं. आपल्या वाटीच्याच जातीचं."

"बरं झालं," कुसुमताई आतून म्हणाल्या. उद्या पाडवा. त्यांचं लक्ष डब्यांत होतं.

मग त्यांनी काचेभोवतीचं कडं फिरवलं. डावीकडे टक-टक-टक करत फिरलं, उजवीकडे जाईना. हेच हवं. पाण्याखाली चुकून धक्का लागला आणि पाणबुड्याला उरलेला वेळ कमी दिसला तर चालेल, जास्त दिसता कामा नये. कड्यावरचा त्रिकोण बाराच्या बरोबर डोक्यावर होता. चावी पीळ देऊन घट्ट बसत होती. काट्यांचा उजेड बघायला ते घड्याळ घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरले आणि दार ओढून घेतलं. बाहेर नूपुर आणि सौरभ एकमेकांकडे बघत उभे. कपाटातून आवाज आला, "काटे दिसतात. आकडेही. सहाचा जरा मंद आहे."

ते बाहेर आले तेव्हा खांद्यावर कुसुमताईंची साडी होती.

तबकडीवर नाव कुठल्या परदेशी कंपनीचं नव्हतं. 'डमडम' एवढंच लिहिलं होतं, बारीक. खानोलकर पहिल्यांदा हसले. "हे बरं केलंत. नक्कल करणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याचं नाव लावणं हा गुन्हा."

नूपुरचा श्वास सुटला. आणि तेवढ्यात त्यांनी नखाने घडणीवरचा हिरवट-काळा थर खरवडला.

"हा कसा आणला?"

सौरभ पंख्याकडे बघायला लागला.

"ओतशाळेतून आलेलं कासं इतक्या लवकर असं होत नाही. कसा आणला?"

"उकडलेली अंडी," नूपुर म्हणाली. "डब्यात कुस्करून ठेवायची, वर घड्याळ टांगायचं, झाकण लावायचं. गंधक सुटतं आणि... सगळे तसंच करतात, बाबा. नेटवर पण आहे."

"कुठला डबा?" कुसुमताई दारात आल्या होत्या.

"आई, नंतर."

"लाडवांचा?"

"काकू, हमने धो दिया था," सौरभ म्हणाला.

खानोलकरांनी घड्याळ नॅपकिनवर ठेवलं. "बाकी सगळं खरं आहे. वय खोटं आहे."

"लोकांना जुनं दिसलेलं आवडतं!"

"आवडत असेल. जे झालं नाही ते झालंय असं हे सांगतंय. कुठल्याही पाण्यात न गेलेलं घड्याळ म्हणतंय, मी समुद्र बघून आलोय. मला हो म्हणता येणार नाही, नूपुर."

घड्याळ तिथेच टेबलावर टाकून नूपुर उठली. "मग उद्या जायचं नाही," एवढं म्हणून चपला घालून निघून गेली. सौरभ तिच्यामागे गेला. जाता जाता त्याने काकांना नमस्कार केला, आणि केला म्हणून त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळभर खानोलकर बाल्कनीत बसून होते. खाली रिक्षांचे भोंगे, कुणाच्या तरी घरी हार्मोनियम. गोदीत त्यांच्यापुढे माल नेहमी अनाथ यायचा. पेटीतून निघालेल्या वस्तूला आई-बाप नसत. खरं-खोटं सांगितलं की काम संपायचं. टेबलापलीकडे बनवणारा बसलेला, आणि त्याचे डोळे आपल्यासारखेच, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. उठून तिला फोन करावा, म्हणावं चालेल गं, असं दोनदा मनात आलं. हात फोनपर्यंत गेला आणि परत आला. चालत नव्हतं त्याला चालेल कसं म्हणायचं?

आत भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी लक्ष दिलं नाही.

सकाळी त्यांना उशिरा जाग आली ती रात्री घरी परतलेल्या नूपुरच्या किंचाळण्याने.

"आई! हे काय केलंस?"

स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाडव्यासाठी घासून पालथी मांडलेली भांडी होती. गुढीचा तांब्या, समई, ताम्हन, काशाची वाटी. आणि वाटीच्या शेजारी, तसंच पालथं, पट्टा काढलेलं घड्याळ.

"चिंच लावली," कुसुमताई म्हणाल्या. "कळकलं होतं. हेच म्हणाले ना, आपल्या वाटीच्या जातीचं. मग भांड्यांबरोबर घेतलं."

"घड्याळ आहे ते! चिंच कुणी लावतं का घड्याळाला?"

"पाण्यातलंच आहे ना? म्हणून तर निर्धास्त भिजत घातलं. तांब्याबरोबर. चांगलं संध्याकाळभर."

"आई, तो थर आणायला आम्हाला किती—"

"अगं, अंड्याचा वास येत होता त्याला! पाडव्याच्या दिवशी समितीपुढे अंड्याचा वास घेऊन जाणार होतीस?"

नूपुरला हसावं की रडावं कळेना. तिने घड्याळ उचलून कानाशी धरलं. चालू होतं. काचेच्या आत पाण्याचा थेंब नाही, धुरकटपणा नाही. हिरवा थर मात्र पुरता गेला होता. खाली जे निघालं होतं ते गुलाबीसर, उघडं, नुकतंच जन्मलेलं दिसत होतं. ओतताना राहिलेला सुईच्या टोकाएवढा एक खड्डासुद्धा आता दिसत होता.

खानोलकरांनी हात पुढे केला. तिने घड्याळ दिलं आणि तोंड फिरवलं.

या खेपेला त्यांनी ते पालथं केलं नाही. समोरूनच बघितलं, खिडकीकडे तिरपं धरून. भिंग शोधलं नाही. अंगठा घडणीवरून फिरवला, त्या खड्ड्यापाशी थांबवला, पुन्हा फिरवला. कुसुमताई ताम्हन पुसता पुसता थांबल्या.

"पट्टा कुठाय?"

"दोरीवर वाळतोय," कुसुमताई म्हणाल्या. "तोपण धुतला."

त्यांनी ओला पट्टा चढवला, घड्याळ मनगटावर बांधलं, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला.

"बाबा, कुठे निघालात?"

"रोज कुठे जातो?"

"पण तुम्ही हो म्हणालात की नाही?"

"घड्याळ कशाचं आहे? पाण्याचं. मग घरात बसून कसं सांगू? सौरभला तळ्यावर बोलाव."

नूपुर तशीच, केस न विंचरता, त्यांच्या मागून निघाली. मागून कुसुमताईंनी ओरडून सांगितलं की श्रीखंड खायला वेळेत या, आणि अंड्यावाल्या पोरालाही आणा.

तळ्याच्या पायऱ्यांवर समितीची माणसं भाडातला चहा घेत बसली होती. मधोमध रमेशदा, क्लबचे जुने प्रशिक्षक आणि समितीचे सचिव. पोट सुटलेलं, पण खांदे अजून पोहणाऱ्याचे. सौरभ सायकल टाकून धापा टाकत आला आणि घड्याळाकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"रंग कुठे गेला?"

"आईने चिंच लावली."

"चिंच?"

"नंतर सांगते. गप्प बस."

खानोलकर कठड्यावर चढले. वय विसरून, वेंगुर्ल्याच्या विहिरीत मारायचे तशी, पाय पोटाशी घेऊन त्यांनी उडी मारली. समितीच्या चहात पाणी उडालं. ते वर आले, एक फेरी मारून मधोमध गेले, एक श्वास घेतला आणि खाली गेले.

पाणी मिटलं. वर नुसती ढवळलेली माती. नूपुर पायरी-पायरी खाली उतरत पाण्यात घोट्यापर्यंत आली. रमेशदा हातातलं भाड खाली ठेवून उभे राहिले. खानोलकर तळाला हात लावून येतात हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे बघत होते.

मग आधी मनगट वर आलं. उन्हात ते नवं कासं असं काही झळकलं की कठड्यावरची पोरं ओरडलीच. मागून डोकं, आणि मिशांतून पाणी फुंकणारं तोंड. पोहत पोहत ते पायऱ्यांशी आले, चिखलाने माखलेला हात रमेशदांपुढे धरला. काच कोरडी होती आतून. सेकंदकाटा चालला होता.

रमेशदांनी वाकून बघितलं आणि अस्सल की नक्कल ते विचारलं. "कस्टमदा, आसोल ना नकोल?"

"नकोल," खानोलकर मोठ्याने म्हणाले.

नूपुरने डोळे मिटले.

"माझ्या मुलीने केलेली," ते पुढे म्हणाले, बंगालीतच, सगळ्या समितीला ऐकू जाईल असं. "आणि ह्या सौरभने. उभ्या नोकरीत इतकी प्रामाणिक नक्कल माझ्या टेबलावर आली नाही. हिला वय नाही. वय आता ज्याने बांधली तो देईल, ज्याच्या त्याच्या घामाने आणि ज्याच्या त्याच्या पाण्याने."

सौरभने नूपुरच्या हाताला इतक्या जोरात चिमटा काढला की ती ओरडली.

"दाखवा तरी नीट," रमेशदांनी हात पुढे केला. "सोडा, मी बांधून बघतो."

खानोलकरांनी मनगट मागे घेतलं. "नमुना तपासणीसाठी माझ्याकडे राहील."

"बाबा!" नूपुर पाण्यात आणखी एक पायरी उतरली. "समितीला बघायचंय! तो एकच आहे!"

"मग समितीला म्हणावं, पाण्यात या," असं म्हणून त्यांनी पायरीला पाय लावून रेटा दिला आणि ते उलटे, पाठीवर, घड्याळाचा हात उंच धरून दूर जाऊ लागले.

रमेशदांनी एकदा समितीकडे बघितलं आणि सदऱ्याची बटणं सोडायला लागले.