समजूतदार मुलगी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

नाशकात आमचं एक चित्रपट मंडळ आहे. महिन्यातून एकदा सिनेमा, मग त्यावर माझं विवेचन. निवृत्त प्राध्यापिका मी, दुसरं येतं काय मला? समोर सगळे माना डोलावणारे. सिनेमा कळला नाही की जरा जास्तच डोलावतात.

त्या दिवशीच्या सिनेमात एक आई सहा वर्षांच्या मुलीला नातेवाइकांकडे सोडून निघून जाते. मुलगी दारात उभी. रडत नाही. मी माइकवर म्हणाले, "हे मौन म्हणजे तिची समज आहे. तिने आईला केव्हाच माफ केलंय." टाळ्या! मूर्ख लेकाचे.

पण हे वाक्य मला सुचलं कुठून? — इथे आले की मी नेहमी विषय बदलते.

माझी रेवा. तिचे वडील गेल्यावर मी दुसरं लग्न केलं आणि तिला चांदवडला भावाकडे ठेवलं. "दोन दिवसांत येते हं," म्हणाले. तीही रडली नाही. सासरी मुलगी नको होती, असं मी लोकांना सांगत आले. खोटं. नवरा म्हणाला होता, "घेऊन ये की तिला." मीच म्हणाले, ती तिथे रमलीय. मला कोरा संसार हवा होता — बस, एवढंच. ती दहावी होईपर्यंत तिथेच राहिली, आणि मी तिला समजूतदार म्हणत राहिले. किती सोयीचा शब्द!

तर त्या दिवशी मागच्या रांगेतून एक बाई उठली. रेवा. ती आलीय हेच मला माहीत नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली — मॅडम! — "ती माफबिफ करत नाहीये. रडलं तर हे लोकही ठेवून घेणार नाहीत, म्हणून गप्प आहे."

तिचं बरोबर होतं, हे मला कळलं नाही? लख्ख कळलं. आणि मी हसून म्हणाले, "मालिका जास्त पाहिल्या की असे अर्थ लागतात." सगळे खो खो हसले. ती खाली बसली.

नंतर चहाच्या टेबलापाशी मंडळाच्या सेक्रेटरींनी विचारलं, "कोण हो त्या?"

"काय माहीत," मी म्हणाले. "येतं कुणीही."

रेवा माझ्या मागेच उभी होती. तिने हातातला कप टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेली. मी हाक मारली नाही. पुढच्या महिन्यात कोणता सिनेमा लावायचा, यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.