ओल्या कातड्याचा नंगारा

नेमसिंग भियाचा नंगारा ऐकायला कानच हवेत असं नव्हतं. जवळ बसलं की तो गुडघ्यांतून वर चढायचा, पोटात भरायचा, आणि मग सावकाश कानापर्यंत यायचा. मी त्याच्या शेजारी बसून काशाची थाळी वाजवायचो, म्हणून सांगतो. हे मला नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. लिहायची सवय नाही. पण तो नंगारा अंगावर घेतलेली माणसं आता तांड्यात फारशी उरली नाहीत, आणि मी तरी किती दिवस आहे.

थोरल्या भावाला आम्ही भिया म्हणतो. नेमसिंग माझा चुलत भाऊ, माझ्याहून बराच मोठा. आमचा तांडा दिग्रसपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर, ओढ्याकाठी. घरात आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोली चाले. इथे मी सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो आहे, म्हणजे सगळ्यांना कळेल.

नंगारा त्याच्या आजोबांचा. लोखंडी भांडं, पोटाशी धरलं तर दोन्ही हात पुरत नसत असं, आणि वर जाड कातडं. आमची माणसं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरत तेव्हा तो पुढच्या बैलावर असे. त्याच्या आवाजावर मागच्यांनी यायचं. पुढे फिरणं थांबलं, शेती आली, आणि नंगारा लग्नाकार्यांत आणि भजनांत राहिला. भियाला बोलावणी लांबून येत. आर्णीच्या बाजूने, फुलसावंगीकडून. गाडीत नंगारा कडब्यावर निजवलेला, भिया त्याच्या अंगावर घोंगडी टाकून चालत येणार, आणि मी थाळी घेऊन मागे.

लग्नघरी पोचलो की तो आधी पाणी मागायचा नाही. जोडे काढायचा आणि मांडवाच्या आसपास अनवाणी फिरून टाचेने जमीन ठोकायचा.

"ही जमीन निजली हाये, शंकर," तो म्हणायचा. "काळी माती हाये. सारा आवाज गिळून टाकते. तिकडं मुरूम दिसते, तिकडं चाल."

एका ठिकाणी वरबाप वैतागून म्हणाला होता, "अबे, नवरदेव घोड्यावर बसून राह्यला अन् हा जमीन पाह्यते! वावर घेतं का काय बाप्पा?"

पण मुरमावर नंगारा मांडला आणि पहिली थाप पडली की असा वरबापही गप्प व्हायचा. डेऱ्यातलं पाणी थरथरायचं. मला थाळी वाजवता वाजवता डोळे मिटून घ्यावेसे वाटत. वाटायचं, जमिनीखालून कुणीतरी फार मोठं जनावर शांतपणे चालत निघालं आहे आणि आम्ही सगळे त्याच्या पाठीवर बसलो आहोत.

भियाचा एकच वैरी होता, ओल. श्रावणात हवा ओली झाली की कातडं सैल पडायचं आणि आवाज खाली बसायचा. मग गोवऱ्यांचा विस्तव करायचा, त्यावर नंगारा हळूहळू फिरवत शेकायचा. हे काम तो दुसऱ्याला देत नसे. एक कान कातड्याजवळ नेऊन बोटाने टिचकी मारायचा, आणि खणखणीत आवाज आला की पोराला अंघोळ घातल्यासारखा खुशीत हसायचा. "ढिल्ला नंगारा म्हणजे शिळी भाकर," असं त्याचं म्हणणं.

त्याची बायको हंसाबाई, माझी भोजाई. तांड्यातल्या बायकांत गाणं उचलायची ती; बाकीच्या तिच्यामागून म्हणायच्या. जुनी गाणी तिला इतकी येत की एक संपायच्या आत दुसरं तिच्या ओठांवर असे. एका वर्षी तिला मुदतीचा ताप आला. त्यातून उठली, पण उठल्यावर कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं. हे तांड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. ती ओठ बघून बोलणं ओळखायची, हसायच्या ठिकाणी हसायची. मला कळलं ते असं: भियाला तिला हाक मारायची असली की तो हाक न मारता घराच्या लाकडी मेढीवर मूठ आपटायचा, आणि पाठमोरी बसलेली ती लगेच वळायची. दोन-तीनदा मी ते पाहिलं. मी काही विचारलं नाही. भियानेच एकदा शेतातून येताना सांगितलं.

"तिले सारं दूर गेल्यासारखं वाटते म्हणे. बैलाच्या घंट्या गेल्या, पाखरं गेली, माहा आवाजही गेला. नंगारा तेवढा राह्यला." थोडं चालून तो म्हणाला, "कोणाले सांगू नको. गाणं काढून घेतील तिच्यापासून."

मी सांगितलं नाही. ती अजून गाणं उचलायची आणि एका मात्रेने चुकायची नाही. भिया जवळ असायचा, नंगारा जमिनीवर असायचा, आणि ताल तिच्या तळपायांतून येत असायचा.

मग साठ-एकसष्ट साली आमच्या तांड्यात भोंगा आला.

तीजेचे दिवस होते. कुवार पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, आणि संध्याकाळी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात टोपल्यांभोवती फेर धरून नाच होतो. गव्हाचे कोंब वाढून पिवळे-हिरवे झाले की शेवटच्या दिवशी त्यांची बोळवण. पूनमसिंग नायकाने दिग्रसच्या एका लग्नात भोंगा पाहिला होता. बोळवणीच्या आदल्या दिवशी त्याने तिथल्या भोंगेवाल्या रामलालला गाडी पाठवून बोलावून घेतलं.

रामलाल मशीन घेऊन आला. मोटारीची बॅटरी, पेटीसारखं मशीन, वायरीचं भेंडोळं, आणि गव्हाच्या सुपाएवढं तोंड असलेला तो भोंगा. त्याने तो लिंबावर चढून बांधला. नायकाच्या बायकोने भोंगा वर जायच्या आधी त्याला हळदकुंकू लावून घेतलं. रामलाल माणूस चांगला. माईक खिशातल्या रुमालाने पुसायचा, फुंकर मारायचा, आणि "हॅलो, हॅलो" म्हणायचा तेव्हा ओढ्यापलीकडचा तांडा उलटं "हॅलो" ओरडायचा. सगळे खूश. नायक तर असा उभा होता की जणू भोंगा त्याच्याच गळ्यातून निघाला आहे.

संध्याकाळी बायका जमल्या. माईक हंसाबाईपुढे आला, आणि तिथेच पहिली अडचण. नायक आणि सासरकडची वडील माणसं समोर बसलेली. तिने रीतीप्रमाणे हनुवटीपर्यंत घुंगट ओढला.

"बाई, जरा पदर वर घ्या ना. आवाज दबून राह्यला," रामलाल म्हणाला.

बायका खिदळल्या. बसंतीबाई म्हणाली, "याले कोणी सांगा रे! सासऱ्यासमोर तोंड दाखवते का कोणी?"

शेवटी माईकच घुंगटाच्या आत गेला. ती आत, माईक आत, बाहेर नुसती वायर. आता तिला कुणाचे ओठ दिसत नव्हते की भियाचे हात. तिला उरला होता फक्त नंगारा.

भियाने थाप मारली, आणि लिंबावरचा भोंगा फाटल्यासारखा खरखरला. दुसरी थाप, पुन्हा तसंच. रामलाल धावत आला.

"नायकसाहेब, हा नंगारा जवळ नाई चालत. भोंग्याचा पडदा फाटल माहा. बायकांच्या हातातल्या बलियांचा खडखडाट चालते, पण हे नाई."

नायक म्हणाला, "नेमसिंग, तू गोठ्याच्या मागं बस. तुहा नंगारा तसाही साऱ्या मुलखाले ऐकू येते."

"मी इथंच बसतो, नायक."

"काहून?"

खरं कारण भिया कसं सांगणार? मी थाळीकडे बघत राहिलो.

"मान पाह्यजे त्याले," मागून कुणीतरी म्हणालं. "भोंगा आला तं पोटात दुखून राह्यलं." लोक हसले. भियाने नंगारा उचलला आणि गोठ्यामागे नेला. तिथली जमीन शेणामुताने भिजून मऊ झालेली. टाच ठोकायचीही गरज नव्हती.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ बरोबर. दुसरी ओळ थोडी आधी आली. तिसऱ्या ओळीला ती पुढे गेली आणि फेर धरणाऱ्या बायका मागे राहिल्या. थांबावं म्हणून त्या गप्प झाल्या, तर ती एकटीच गात राहिली. तो एकटा आवाज लिंबावरून ओढ्यापलीकडे, शेतांवर, आभाळ भरून आलेलं होतं त्याच्याखाली लांब लांब जात होता. चुकत चुकत. मला तो आवाज अजून स्वप्नात येतो. वाट चुकलेल्या वासरासारखा वाटतो, आणि स्वप्नात मी थाळी शोधत असतो.

कुणीतरी तिचा हात धरला तेव्हा ती थांबली.

"उद्या बसंतीनं गाणं उचलावं," नायक म्हणाला. वाईट बोलला नाही तो. "हंसा थकली हाये."

त्या रात्री मी भियाच्या दारात बसलो होतो. हंसाबाई चुलीपुढे. तिने भाकरी टाकता टाकता त्याच्याकडे पाहिलं.

"चुकली ना मी?"

"थोडी."

"तू कुठं गेलता?"

"गोठ्यामागं बसवलं मले."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "उद्या बसंतीले गाऊ दे. मी टोपल्या धरीन."

भियाने मेढीवर मूठ आपटली नाही, काही नाही. बाहेर बारीक पाऊस होता, आणि कोपऱ्यात नंगारा पालथा. त्याच्या पोटावर दिव्याचा उजेड हलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे गोवऱ्या पेटवल्या. भिया आला आणि त्याने पायाने विस्तव पसरवून टाकला.

"भिया, कातडं ओलं हाये!"

"असू दे." त्याने धोतराचं एक जुनं फडकं हंड्यात बुडवलं, पिळलं, आणि नंगाऱ्याच्या तोंडावर पसरलं. आयुष्यभर ज्या ओलीशी तो भांडला ती त्याने आपल्या हाताने आणून बसवली. फडक्यावरून तो तळवा फिरवत होता, जसा तापाच्या माणसाच्या कपाळावर फिरवतात. मग त्याने थाप मारली. खणखणीतपणा गेला होता. आवाज असा नव्हताच. नुसतं काहीतरी खाली सरकलं, आणि माझ्या मांडीखालची जमीन हलली.

तो रामलालकडे गेला. "एकडाव पाहून घे. फाटला तं मी आपणहून उठीन."

रामलालने मान खाली घालून मशीनवर कान ठेवला. भियाने थाप मारली. भोंगा गप्प. पुन्हा मारली. भोंग्यातून काहीच नाही.

"हे तं येऊनच नाई राह्यलं," रामलाल चकित होऊन म्हणाला. "बस मंग. तुह्या असण्यानसण्यानं मले काई फरक नाई."

"तेच पाह्यजे," भिया म्हणाला, आणि नायकाकडे वळला. "नायक, एक गाणं हंसाले उचलू द्या. चुकली तं बसंती हायेच."

नायकाने खांदे उडवले. बसंतीबाई म्हणाली, "उचलू द्या ना. तिच्यासारखं मले कुठं येते?" हे तिने मनापासून म्हटलं, हे मी सांगितलं पाहिजे.

जागा भियाने आधीच ठोकून ठेवली होती. दारासमोर जुन्या चौथऱ्याचा मुरूम होता, घट्ट. तिथे हंसाबाई अनवाणी उभी राहिली, घुंगट खाली, माईक आत. तिच्या फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, किनार नंगाऱ्याला लागेल इतका भिया मागे सरकून बसला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पहिली थाप पडली तशी तिच्या पायाची बोटं मातीत रुतली. मी ती पाहिली.

आणि तिने गाणं उचललं.

बायका फेरात आल्या. बलियांचा खडखडाट, टोपल्यांतले ते फिकट कोंब, वरून झिमझिम, आणि लिंबावरून तिचा आवाज. ओळीमागून ओळ, एकही पाऊल इकडेतिकडे नाही. मी थाळी वाजवत होतो की नाही, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की सगळा तांडा जमिनीपासून बोटभर वर उचलला गेल्यासारखा वाटत होता.

फेराबाहेर बसलेल्या माणसांना मात्र नंगारा ऐकूच येत नव्हता. भिया दोन्ही हातांनी थापा मारतोय आणि आवाज नाही.

"नेमसिंग!" डोंगरसिंग ओरडला. हा पलीकडच्या तांड्याचा, त्याच्याकडे दिवाळीनंतर लग्न होतं आणि नंगाऱ्याला भियाच ठरला होता. "नंगारा वाजवून राह्यला का कणीक मळून राह्यला?"

लोक खो खो हसले. भियाही हसला. घाम पुसायलाही थांबला नाही.

दुसरं गाणं, तिसरं गाणं. बसंतीची पाळी आलीच नाही. टोपल्या डोक्यावर घेऊन पोरी ओढ्याकडे निघाल्या तेव्हा मी पुढे जाऊन पलीकडच्या काठावर उभा राहिलो. तिथून नंगारा अजिबात ऐकू येत नव्हता. फक्त भोंग्यातला तिचा आवाज येत होता. पण ती ओळ म्हणायची, क्षणभर थांबायची, आणि पुढची ओळ उचलायची. त्या थांबण्यात थाप कुठे पडली ते मला बरोबर कळत होतं. दूर धुक्यात कुणी चालतंय, दिसत नाही, पण वाट देण्यासाठी आपण बाजूला सरतो, तसं काहीतरी.

त्या लग्नाला डोंगरसिंगने दुसरा नंगारेवाला नेला. नेमसिंगचा हात गेला, असं दोन-चार वर्षं लोक म्हणत होते. भियाने कुणाला काही सांगितलं नाही. इतर कार्यांत तो कातडं शेकून पहिल्यासारखंच वाजवायचा. पण आमच्या तांड्यात तीज आली, रामलालचा भोंगा लिंबावर चढला, की तो फडकं भिजवायला घ्यायचा.

बोळवणीच्या त्या संध्याकाळी पोरींनी आणलेले गव्हाचे कोंब त्याच्या पागोट्यात खोचलेले होते. तो दारात बसून नंगारा कोरड्या कपड्याने पुसत होता. हंसाबाई येऊन समोर बसली, म्हणजे त्याचे ओठ दिसावेत.

"सारे हसून राह्यलते," ती म्हणाली. "कायले?"

"डोंगरसिंगनं काहीतरी मस्करी केली."

"अन् नंगारा? लोकांले कसा वाटला?"

"बरा वाटला," भिया म्हणाला.

तिने नंगाऱ्याच्या ओल्या कातड्यावर हात ठेवला.

"बरा काय म्हणतं?" ती म्हणाली. "इतका मोठा तं तू आपल्या लग्नातही नाई वाजवला."